मुंबईची विजेची मोटार गावात येताना

अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंबिवली येथे प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. लोक त्याला अंधेरीचे आरटीओ म्हणतात. एमएच-02 हा नंबर तिथला. वर्सोवा, यारी रोड, लोखंडवाला, जुहू या बाजूच्या मोटारी तिथे नोंदल्या जातात आणि पाच-सात वर्षे झाली की त्यातल्या पुष्कळशा जिल्ह्याजिल्ह्यांत येऊन पोचतात. हे काही आजचे नाही. आधी फियाट, मग मारुती, मग सुमो आणि क्वालिस, सगळ्या याच वाटेने आल्या. मुंबईकराने नव्याची हौस फिटेपर्यंत वापरायची आणि आपण पुढची दहा-बारा वर्षे तीच गाडी लग्नाला, दवाखान्याला, बाजार समितीला पळवायची, असा हा जुना सलोख्याचा व्यवहार आहे.

या व्यवहाराचे ठोकताळे आपल्याला पाठ झाले आहेत. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यायचा, बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकायचा, सायलेन्सरमध्ये बोट फिरवून काजळी बघायची, टायर आणि पत्रा बघायचा आणि मग चहाच्या टपरीवर भाव ठरवायचा. आता त्याच वाटेने हिरव्या पाटीची विजेची मोटार येऊ लागली आहे. तिला इंजिन नाही, सायलेन्सर नाही, गिअर नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो, आत बघतो आणि काही न बोलता परत लावतो. भाव मात्र असा सांगितला जातो की ऐकणाऱ्याला वाटते, लॉटरीच लागली! चौदा-पंधरा लाखांची मोटार निम्म्या किमतीत, त्याहूनही कमीत. अशा वेळी आपला शेतकरी एकच प्रश्न विचारतो आणि तो अगदी बरोबर विचारतो, ‘एवढी स्वस्त का देतोय, काय राव?’

या प्रश्नाचे उत्तर गाडीत कमी आणि बाजारात जास्त आहे.

आपल्या देशात सगळ्यात जास्त नावाजलेल्या विजेच्या मोटारीचेच उदाहरण घेऊ. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची. हे किलोवॅट-तास म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, आपल्या लाइट बिलावरचे युनिट. म्हणजे बॅटरीत 30 युनिट वीज मावते. एका चार्जिंगवर 312 किलोमीटर धावेल असे प्रमाणपत्र होते. प्रत्यक्षात रस्त्यावर 200 च्या आसपास मिळाले. शोरूमची सुरुवातीची किंमत 13 लाख 99 हजार. मे 2022 मध्ये त्याच गाडीची मोठ्या बॅटरीची, 40.5 युनिटची आवृत्ती आली. सप्टेंबर 2023 मध्ये तोंडवळा, आतला पडदा, यंत्रणा सगळेच बदलले. गाडीतल्या बॅटरीवर बाहेरची उपकरणे चालवण्याची सोयही आली. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने बॅटरीचे भाव उतरल्याचे सांगून या गाडीची किंमत 1 लाख 20 हजारांपर्यंत कमी केली. आणि सप्टेंबर 2024 मध्ये 45 युनिटची बॅटरी आली. तिची सुरुवातीची किंमत किती? 13 लाख 99 हजार!

आता बोला. ज्या पैशात 2020 साली 30 युनिटची बॅटरी मिळत होती, त्याच पैशात पाच वर्षांच्या आत 45 युनिटची. मधल्या काळात रुपयाची किंमत घटली ती वेगळीच. हिशेब केला तर पहिल्या गाडीत बॅटरीच्या एका युनिटमागे सुमारे 46 हजार रुपये पडत होते, नव्या गाडीत 31 हजार पडतात. वर्सोव्याच्या सोसायटीत उभी असलेली 2020 ची मोटार कितीही पुसून चकचकीत ठेवली, कितीही कमी चालवली, तरी तिची तुलना या नव्या गाडीशीच होणार. तिने काही गुन्हा केलेला नाही. तिच्या मागून आलेली भावंडे जास्त गुणाची आणि कमी खर्चाची निघाली, एवढेच.

याहून बोलके उदाहरण टिगोर या गाडीचे आहे. केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने 2017 साली सरकारी कार्यालयांसाठी 10 हजार विजेच्या मोटारींची निविदा काढली आणि तिच्यातून टाटांची टिगोर आणि महिंद्रांची ई-व्हेरिटो साहेबांच्या दिमतीला आल्या. 2019 च्या सुरुवातीला टिगोरची बॅटरी 16.2 युनिटची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 21.5 युनिटची आली. ऑगस्ट 2021 मध्ये 26 युनिटची आली आणि आतली सगळी यंत्रणाच नवी झाली. अडीच वर्षांत तीन पिढ्या! त्यातही गंमत अशी की, त्या पहिल्या पिढीला भरभर चार्जिंगसाठी ‘भारत डीसी-001’ नावाचा 15 किलोवॅटचा जुन्या धाटणीचा चार्जर लागत असे. पुढे देशभर ‘सीसीएस-2’ या दुसऱ्याच पद्धतीच्या जोडणीचे चार्जर उभे राहिले. हमरस्त्यावरच्या धाब्यावर आज दिसतात ते बहुतेक हेच. म्हणजे जुनी गाडी चालू स्थितीत असली तरी वाटेत तिला पाणी पाजायला विहीर नाही. ही गोष्ट गाडी घेतल्यावर कळून उपयोग नाही.

ट्रॅक्टरचे असे होत नाही. वीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर आणि आजचा ट्रॅक्टर यांत फरक आहे, पण नांगरट दोघेही करतात आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात. म्हणून ट्रॅक्टरला बाजार आहे. विजेच्या मोटारीची चाल मात्र मोबाईल फोनसारखी झाली आहे. तीन वर्षांपूर्वीचा फोन बिघडलेला नसतो, तरी दुकानदार त्याला हात लावत नाही. फरक एवढाच की फोन वीस हजारांचा असतो आणि मोटार पंधरा लाखांची.

बॅटरीचे भाव किती उतरले, ते पाहिल्याशिवाय हे कोडे सुटायचे नाही. जगभरच्या बॅटऱ्यांच्या सरासरी भावाची पाहणी दरवर्षी ब्लूमबर्गची संस्था करते. तिच्या हिशेबाने 2010 साली एका युनिटच्या बॅटरीला हजार डॉलरहून अधिक पडत होते. 2023 साली 139 डॉलर, 2024 साली 115 डॉलर. या भावाने 30 युनिटच्या बॅटरीची किंमत तीन लाखांच्या आत येते. (हा घाऊक, कारखान्याच्या दारचा भाव झाला. सुटी बॅटरी बदलायला गेलात तर याच्या कितीतरी पुढे आकडा ऐकावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.) ज्या गाडीचा सगळ्यात महाग भाग दरवर्षी स्वस्त होत चालला आहे, तिची जुनी किंमत टिकणार कशी?

यात सरकारचाही हात लागला आहे, आणि तो चांगल्या हेतूने लागला आहे. ऑगस्ट 2019 पासून विजेच्या वाहनांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. महाराष्ट्राने जुलै 2021 च्या धोरणात मोटारीला बॅटरीच्या युनिटमागे 5 हजार, जास्तीत जास्त दीड लाख रुपये अनुदान ठेवले आणि 2021 च्या डिसेंबरअखेरपर्यंत घेणाऱ्याला वर लाखापर्यंत सवलत. म्हणजे त्या वेळी गाडी घेणाऱ्या काहींना ती छापील किमतीपेक्षा अडीच लाखांपर्यंत स्वस्त पडली. आज तो विकताना छापील किंमत सांगतो. ‘सोळा लाखांची गाडी साडेसात लाखांत देतोय’ असे तो म्हणेल, तेव्हा त्याला मूळ पावती दाखवायला सांगा. घासाघीस पावतीच्या आकड्यापासून सुरू व्हायला हवी.

हे दुखणे मुंबईपुरते किंवा आपल्या देशापुरते आहे, असे समजू नये. अमेरिकेत टेस्ला कंपनीने 2023 च्या जानेवारीत नव्या गाड्यांच्या किमती एकदम उतरवल्या आणि त्याबरोबर जुन्यांचेही भाव कोसळले. हर्ट्झ ही भाड्याने मोटारी देणारी तिथली बडी कंपनी. तिने हौसेने विजेच्या गाड्यांचा ताफा घेतला होता. जानेवारी 2024 मध्ये तिने सुमारे 20 हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. इतक्या मोठ्या कंपनीचे अंदाज चुकतात तिथे सोसायटीच्या कर्जावर मोटार घेणाऱ्या शिक्षकाचे चुकले तर नवल नाही. आपल्याकडे बंगळूरला बनणारी रेवा 2001 साली आली होती, ती अनेकांना आठवत असेल. तिच्या शिशाच्या बॅटऱ्या काही वर्षांत बसत आणि मग नव्या बॅटऱ्या घ्याव्यात की गाडी भंगारात द्यावी हा प्रश्न पडे. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या त्यापेक्षा पुष्कळ चिवट आहेत. पण तेव्हाची भीती माणसांच्या मनातून गेलेली नाही आणि त्या भीतीचाही भावावर परिणाम होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्सोव्याच्या मालकाचे नुकसान झाले म्हणून आपले नुकसान होईलच असे नाही. उलट त्याचा तोटा आपल्या पथ्यावर पडू शकतो. घसरण सर्वांत मोठी असते ती पहिल्या तीन-चार वर्षांत, आणि ती त्याने सोसलेली असते. शिवाय मुंबईकराला 45 युनिटची गाडी हवी असते, कारण त्याला शनिवारी महाबळेश्वर आणि गणपतीला कोकण गाठायचे असते. गावातल्या माणसाचे रोजचे जाणे-येणे किती? तालुका 20 किलोमीटर, जिल्हा 50-60. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. दीडशे किलोमीटर भरवशाने धावणारी गाडी त्याला पुरते. मुंबईच्या लेखी जी जुनी झाली, ती आपल्या लेखी कामाची असू शकते.

हिशेब मांडून पाहू. महिन्याला हजार किलोमीटर फिरणे आहे असे धरा. पेट्रोलची गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि लिटर शंभराच्या वर गेलेले आहे. म्हणजे सहा हजार सातशे ते सात हजार रुपये झाले. विजेच्या गाडीला तेवढ्या अंतराला, चार्जिंगमधली गळती धरून, 160-170 युनिट लागतील. घरगुती वीज 10 रुपये युनिट धरली तरी सतराशे रुपये. महिन्याला पाच हजार वाचले, पाच वर्षांत तीन लाख. सात लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी कवडीमोल झाली असे अगदी वाईटात वाईट धरले, तरी हा तीन लाखांचा टेकू तिच्यामागे आहे. पण ज्याचे फिरणे महिन्याला तीनशे किलोमीटर आहे, त्याने या भानगडीत पडू नये. त्याचा टेकू लाखाच्या आतच राहतो. आणि वापरून झाली की चांगल्या भावाने पुढे विकू, या हिशेबाने तर कोणीच घेऊ नये. तोपर्यंत आणखी दोन पिढ्या आलेल्या असतील. घ्यायची तर शेवटपर्यंत वापरायला घ्यावी.

सगळे अडते ते बॅटरीवर. बैलबाजारात आपण बैलाचे दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, यावर भाव ठरतो. शिंगांना रंग किती लावला यावर नाही. विजेच्या गाडीचे दात म्हणजे बॅटरीचे आरोग्य. नवेपणी जेवढी वीज मावत होती, त्याच्या किती टक्के आता मावते, ते कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात यंत्र लावून कळते. त्याचा लेखी अहवाल मागावा. विकणारा ‘कशाला खर्च, माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणाला तर तिथूनच माघारी फिरावे. अहवालाखेरीज आपल्यालाही एक परीक्षा घेता येते. गाडी पूर्ण चार्ज करून घ्यायची, नेहमीच्या वेगाने बरोबर 100 किलोमीटर चालवायची आणि किती टक्के चार्जिंग उतरले ते बघायचे. 30 युनिटच्या गाडीत ते निम्म्याच्या आसपास उतरायला हवे. पासष्ट-सत्तर टक्के उतरले तर बॅटरी आतून पोकळ झाली आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट हमीची. बॅटरीला सर्वसाधारणपणे 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर यातले जे आधी होईल ते, अशी हमी असे. म्हणजे जानेवारी 2020 ची गाडी घेतली तर जानेवारी 2028 नंतर आपण आणि आपले नशीब. गेल्या वर्ष-दोन वर्षांत काही कंपन्यांनी ‘आजन्म हमी’ जाहीर केली आहे, पण ती पहिल्या मालकापुरती. मालक बदलला की अटी आखडतात. त्यामुळे हमीच्या कागदावर आपले नाव चढते का, किती वर्षांसाठी चढते आणि त्यासाठी किती दिवसांत अर्ज करावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारावे. आणखी एक नवा प्रकार निघाला आहे. सप्टेंबर 2024 मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही मोटार बॅटरीविना किमतीत द्यायला सुरुवात केली. बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये वेगळे. अशी गाडी उद्या आपल्याकडे जुन्या बाजारात येईल तेव्हा ती फारच स्वस्त वाटेल. जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का बघतो, तसे इथेही बॅटरी कोणाच्या मालकीची आहे ते बघायचे.

मुंबईच्या गाडीची म्हणून एक खास तपासणी असते. वर्सोव्याची हवा खारी. गाडी समुद्राजवळ उघड्यावर उभी असेल तर खालचा पत्रा, नटबोल्ट गंजतात. त्यापेक्षा मोठा धोका पावसाच्या पाण्याचा. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात भरतो आणि तळमजल्यावरचे पार्किंग भरायलाही वेळ लागत नाही. बॅटरीची पेटी पाणी शिरू नये अशी बांधलेली असते, पण तासन् तास पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा आणि जोडण्या पुढे कधी दगा देतील ते सांगता येत नाही. विम्याच्या कंपनीकडे जुने दावे झाले आहेत का, याची चौकशी करावी. 2022 साली विजेच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या आल्यावर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. आधीच्या सगळ्या गाड्या धोक्याच्या, असा याचा अर्थ नव्हे. दोन गाड्यांत निवड करायची असेल आणि किमतीत फार फरक नसेल, तर नंतरची घ्यावी.

गाडी घरी आणल्यावर चार्जिंग कुठे करणार, हेही आधीच ठरवा. घरगुती 15 अँपिअरच्या प्लगवर 30 युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. अर्थिंग नीट नसेल तर बरोबर येणारा चार्जर चालूच होत नाही. आपल्याकडे अर्थिंगच्या नावाने काय असते ते सर्वांना माहीत आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवर मोटार चार्ज करू नये. ती वीज शेतीसाठी मंजूर आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचे बिल येते. घरगुती मीटरचा मंजूर भार वाढवून घेणे हाच रस्ता आहे.

व्यवहार दलालामार्फत झाला तर करही लक्षात घ्यावा. डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेत जुन्या विजेच्या गाड्यांवरचा दर 12 वरून 18 टक्के करण्याचे ठरले. तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला थेट विकली तर लागत नाही. ‘सगळ्या रकमेवर 18 टक्के द्यावे लागतील’ असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. बाकी कागद नेहमीचेच, फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटले असेल तर फॉर्म 35.

इथे शासनाला दोन शब्द सुनावले पाहिजेत. एप्रिल 2025 मध्ये राज्याने नवे विद्युत वाहन धोरण मंजूर केले. नव्या गाडीला सवलत, टोलमाफी, चार्जिंगची केंद्रे, सगळे त्यात आहे. अटल सेतूवर 22 ऑगस्ट 2025 पासून टोलमाफी सुरूही झाली. चांगलेच आहे. परंतु जुनी गाडी हस्तांतर होताना बॅटरीच्या आरोग्याचा दाखला सक्तीचा केला, तर शासनाला पदरचे फार खर्च करावे लागणार नाही आणि खेड्यातल्या हजारो ग्राहकांची फसगत टळेल. प्रदूषणाचा दाखला मागता ना? मग हाही मागा. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून मोटारीच्या प्रत्येक नव्या बॅटरीला तिची जन्मकुंडली सांगणारा ‘पासपोर्ट’ लागणार आहे. आपल्याकडे अंधेरीच्या आरटीओत नाव बदलताना एक कागद जास्त जोडायला काय हरकत आहे? दाखला असेल तर विकणाऱ्यालाही फायदा आहे. आज चांगली सांभाळलेली गाडी आणि मोडीत निघालेली गाडी, दोन्हींना एकच भाव मिळतो, कारण घेणाऱ्याला फरक कळायला मार्ग नाही.

ग्रामपंचायतींनाही हे प्रकरण लागू आहे. कित्येक ग्रामपंचायतींनी कचऱ्यासाठी विजेवरच्या घंटागाड्या घेतल्या आहेत. खरेदी करताना दरपत्रकात किंमत पाहिली जाते, बॅटरी कसली, तिची हमी किती वर्षांची, नवी बॅटरी त्याच दराने देण्याचा करार आहे का, हे कोणी पाहत नाही. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसते, गाडी पंचायतीच्या मागे उभी राहते आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीत फिरत राहतो. तोवर त्या बनावटीची बॅटरी कंपनीने बंदही केलेली असते. पुढच्या वेळी सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी निविदेतच बॅटरीची हमी आणि बदलीचा दर लिहून घ्यावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये; 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि तसे पत्र पंचायतीने आपल्या लेटरहेडवर पाठवावे.